ग्रीनवुडच्या बाजूची भिंत

टॉडमॉर्डन
९ नोव्हेंबर १९८१

प्रिय विल्फ,

आज सकाळी दूध घ्यायला दार उघडलं आणि बघते तर यंदाचं पहिलं कडक दंव पडलेलं. सगळ्या गल्लीच्या भिंती पिठात लोळल्यासारख्या पांढऱ्या, आणि माझ्या घराच्या भिंतीवर बरोबर खिडकीखाली एक काळा, ओला चौकोन. तिथं दंव नावालाही नाही. त्या चौकोनाला पाठ टेकून ग्रीनवुडचं मांजर बसलेलं, चेहऱ्यावर भाव असा की गॅसचं बिल तेच भरतं. आत येऊन बघितलं, तर त्याच जागी आतल्या बाजूला खोली तापवणारा माझा रेडिएटर. म्हणजे अरनॉल्डनं मोठ्या हौसेनं बसवून घेतलेलं हे हीटिंग मी इतके दिवस जाळतेय ते रस्ता तापवायला.

काल रविवार, म्हणजे ऑड्रीचा फोन आलाच. लेक आहे, काळजी करते हे कळतं मला, पण बोलते एखाद्या हेडमास्तरणीसारखी. गेल्या फेब्रुवारीत ती राहायला आली तेव्हा तिच्या उशाच्या पेल्यातल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती, ते ती विसरत नाही. आता तिनं स्पष्टच सांगितलं, "आई, या फेब्रुवारीत मी येईन तेव्हा घर असंच गार असेल तर ते विकायचं आणि तू साउथॅम्प्टनला माझ्याकडे यायचं. आता वाद नको." गेल्या वेळी जाताना शेगडीवरच्या फळीवर थर्मामीटर ठेवून गेलीय, तो रोज माझ्याकडे डोळे वटारून बघतो. तिच्याकडे माझ्यासाठी खोली तयार आहे म्हणे. खिडकीतून गॅरेज दिसतं.

मला इथून हलायचं नाही, विल्फ. लग्न होऊन या घरात आले, अरनॉल्ड इथंच गेला, बाजारात मला न ओळखणारं माणूस नाही. साउथॅम्प्टनला मी कुणाला ओळखणार, गॅरेजला?

तू दिवसभर पेपर वाचत असतोस. काही सुचव. टेलिफोन करत नाही, तुला त्यावर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू उलटं ऐकतोस.

तुझी,
डल्सी

ता. क. मांजर ग्रीनवुडचं म्हणजे त्याच ग्रीनवुडचं. शेजारी असून दहा वर्षं आम्ही बोलत नाही. ऐन सोमवारी, माझं धुणं दोरीवर असताना, या गृहस्थानं परसात कुंपणाचा पाला पेटवला आणि माझ्या चादरी काजळीनं भरल्या. सोमवारी, विल्फ. सोमवार सगळ्या गावाचा धुण्याचा वार, त्या दिवशी इथं कुणी काडीसुद्धा पेटवत नाही.

*

स्ट्रॉमनेस, ऑर्कनी
१७ नोव्हेंबर १९८१

प्रिय ताई,

तुझ्या मांजराच्या चौकोनावर मी दोन दिवस विचार केला. इंगा गेली, संसार संपला, तेव्हापासून इथं विचाराला वेळ भरपूर असतो आणि विषय कमी पडतात, त्यामुळे तुझे आभारच मानायला हवेत.

मी जन्मभर बँकेत बसलो, रेडिएटरमधलं मला काही कळत नाही. पुढचं सगळं एका सरकारी पुस्तिकेतून आहे. रेडिएटरला दोन तोंडं असतात. पुढचं तुला ऊब देतं, मागचं भिंतीला. तुझी दगडी भिंत ती ऊब पिऊन रस्त्यावर टाकते. उपाय असा की मागच्या भिंतीवर चंदेरी कागद लावायचा, म्हणजे तो ऊब परत खोलीत फेकतो. हार्डवेअरच्या दुकानात त्याचा रोल मिळतो. आधी हीटिंग बंद करून रेडिएटर गार होऊ दे. कागद पुठ्ठ्यावर चिकटव, काठीनं वरून आत सरकव आणि कडा चिकटपट्टीनं भिंतीला लाव. कागद आणि रेडिएटर यांच्यात बोटभर जागा ठेव. चमकती बाजू खोलीकडे. हे दोनदा लिहितो, कारण तू पत्र एकदाच वाचतेस: चमकती बाजू खोलीकडे. आणि ते लांबलचक पडदे रेडिएटरवरून खाली सोडतेस ना, ते खिडकीच्या कट्ट्यावर खोचून ठेव. नाहीतर सगळी ऊब पडद्यामागे जाऊन काचेशी गप्पा मारते.

कागद फक्त बाहेरच्या भिंतींना. आतल्या भिंतीची ऊब कुठं जात नाही, घरातल्या घरातच राहते. तुझ्या झोपायच्या खोलीतला रेडिएटर ग्रीनवुडच्या बाजूच्या भिंतीवर आहे, असं मला आठवतं. तसं असेल तर थोडी ऊब त्या महाशयांच्या वाट्याला जात असणार. म्हणजे दहा वर्षं तू त्यांच्याशी बोलत नाहीस आणि त्यातली निम्मी वर्षं त्यांची पाठ शेकतेयस. मला हे फार आवडलं.

तुझा,
विल्फ

*

टॉडमॉर्डन
३ डिसेंबर १९८१

प्रिय विल्फ,

झालं एकदाचं. पण सुखासुखी नाही.

पहिल्यांदा मी चमकती बाजू भिंतीकडे केली. तू दोनदा लिहिलं होतंस, वाचलंही होतं मी. पण पुढच्या खोलीत, जिथं पाद्रीबाबा येऊन बसतात, तिथं रेडिएटरमागून चहाच्या डब्यासारखं काहीतरी चमचम करणार, हे मला पटेना. वाटलं, चांदी ती चांदी, तोंड कुठंही असो. पुठ्ठ्याची बाजू पुढं ठेवली, छान तपकिरी, सभ्य दिसत होती. आठवडा गेला, थर्मामीटर तसूभर हलला नाही. मग मुकाट्यानं सगळं उपसून काढलं आणि उलटं लावलं. त्यात काठी अडकली, ती काढायला झाडूचा दांडा घातला, तोही अडकला. शेवटी गुडघ्यावर बसून पोळ्या उलटायच्या कालथ्यानं दोन्ही बाहेर काढले. बहात्तराव्या वर्षी हे धंदे.

पण लागू पडलं, विल्फ. पुढच्या खोलीत आता मी शाल काढून बसते. पडदेही खोचलेत, खिडकी गुडघ्यापर्यंत झगा वर घेतलेल्या बाईसारखी दिसते, दिसू दे. पाद्रीबाबा आले, चमचम बघितली आणि पहिल्यांदाच त्यांनी कोट उतरवला. आणि काल पुन्हा दंव पडलं तेव्हा बाहेर जाऊन बघितलं, माझी भिंत इतरांसारखीच पांढरी. मांजर आलं, चौकोन शोधला, माझ्याकडे बघितलं आणि शेपटी वर करून निघून गेलं.

रोल बराच उरलाय. जिन्याखाली ठेवलाय. चांगली वस्तू टाकवत नाही.

तुझी,
डल्सी

*

स्ट्रॉमनेस
१४ डिसेंबर १९८१

प्रिय ताई,

शाब्बास. ऑड्रीसाठी थर्मामीटरचा फोटो काढून ठेव. सोबत इथलं चीज पाठवतोय, नाताळाच्या केकबरोबर खा. मी नाताळात कुठं जाणार नाही, समुद्र खवळलाय, बोटीचा भरवसा नाही. उरलेल्या रोलचं काय करायचं ते मला विचारू नकोस. आईच्या कपाटात दोरीचे तुकडे ठेवलेला डबा होता आणि त्यावर "उपयोगास न येण्याइतके लहान" असं लिहिलेलं होतं. त्याच आईची तू लेक.

विल्फ

*

टॉडमॉर्डन
११ जानेवारी १९८२

प्रिय विल्फ,

अशी थंडी मी आयुष्यात बघितली नाही. गल्लीत गुडघाभर बर्फ, दुधाच्या बाटल्या गोठून झाकणं वर आलेली. पण पुढची खोली आणि स्वयंपाकघर टिकून आहेत. थर्मामीटरशी माझी आता मैत्री झालीय. फक्त झोपायची खोली मागं पडत होती, आणि ऑड्री तिथंच माझ्याबरोबर झोपणार. तेव्हा तुझं ते वाक्य आठवलं, ग्रीनवुडची पाठ शेकण्याचं. म्हटलं, रोल पडलाच आहे जिन्याखाली, आपली ऊब आपल्याकडे राहिलेली काय वाईट? गुरुवारी लावून टाकला. तू म्हणालास आतल्या भिंतींना नको, पण उरलेल्या रोलला काय कळतं बाहेरची भिंत नि आतली भिंत. खरं सांगायचं तर बरं वाटलं लावताना. त्या चादरींची आठवण झाली.

आणि बघ माणसाचा स्वभाव. शुक्रवारी संध्याकाळी भिंतीवर ठोकायला लागला. काठीनं असावं. ठक, ठक, ठक, मग थांबणं, मग पुन्हा तीन. दहा वर्षांत तोंडातून शब्द नाही आणि आता ठोकतोय. रेडिएटरमागं खुडबुड केली त्याचा त्रास झाला असेल साहेबांना. मी रेडिओ मोठा केला. शनिवारी पुन्हा तेच, मी पुन्हा रेडिओ मोठा केला. काल रविवारी एकदम गप्प. जिरली, म्हटलं.

आज दारातली त्याची दुधाची बाटली अजून उचललेली दिसत नाही. उशिरा उठायला लागलाय वाटतं. मी मात्र या थंडीतही सोमवार चुकवला नाही, धुणं स्वयंपाकघरात वाळतंय. हे पत्र आत्ताच पेटीत टाकून येते.

तुझी,
डल्सी

*

तार
स्ट्रॉमनेस, १४ जानेवारी १९८२

तीन ठोके तक्रारीचे नाहीत आईची सळई आठव ताबडतोब शेजारी जा दार फोड विल्फ

*

टॉडमॉर्डन
१४ जानेवारी १९८२

प्रिय विल्फ,

तुझी तार आली तेव्हा ग्रीनवुड माझ्या स्वयंपाकघरात पाय स्टुलावर ठेवून मटणाचं सूप पीत होता. तार म्हटल्यावर मला ती उघडवेना, तर तो म्हणाला, "इकडे आणा." वाचली आणि म्हणाला, "भावाला सांगा, दार फोडू नका, दाराला नुकताच रंग दिलाय."

तेव्हा आधी श्वास घे. माणूस जिवंत आहे.

सोमवारी ते पत्र पेटीत टाकलं आणि परत येताना त्याच्या दारापाशी थबकले. सगळ्यांच्या दारापुढं बर्फात पावलं उमटलेली, दूधवाल्याची येऊन गेलेली, पण ग्रीनवुडच्या दारातून बाहेर पडलेलं एकही पाऊल नाही. धुराड्यातून धूर नाही. वर बघितलं तर झोपायच्या खोलीच्या काचेला आतून बर्फ. आणि मग आपली आई आठवली, विल्फ, जशी तुला तिकडे आठवली तशीच. सळई घेऊन शेगडीच्या पाठच्या भिंतीवर तीन ठोके, आणि पलीकडून बर्नीबाई एप्रनला हात पुसत धावत यायची. तू जन्मलास तेव्हा मीच ते ठोके दिले होते, आईनं सांगितल्यावर. मी स्वतः दिले होते. आणि आता तसेच ठोके आले तर मी रेडिओ मोठा केला. पत्र परत मागायला पेटीकडे वळले, इतकी मी भांबावले होते. पेटी काही परत देत नाही.

त्याचं मागचं दार उघडंच होतं. परसात कोळशाची बादली आडवी पडलेली. वर गेले तर हा पलंगावर, कोट, टोपी, सगळं घालून, भिंतीकडे तोंड करून. मला बघून म्हणाला, "ऑर्मरॉडबाई, पाय पुसलेत ना?" मी त्या पलंगाच्या कडेवर बसूनच घेतलं. माझा जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

रविवारी कोळसा आणायला गेला तो घसरून पडला, घोटा सुजला, कसाबसा सरपटत वर आला. डॉक्टरांनी बघितलं, मोडलेलं नाही, थंडी मात्र हाडात शिरली होती. पुढच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपवलंय. गल्ली काय म्हणायचं ते म्हणू दे.

आता खरी गोष्ट ऐक. काल मी त्याला म्हटलं, "मला काय कळणार तुम्ही पडलात ते? ठोकत होतात तेव्हाच मी यायला हवं होतं."

तर म्हणाला, "तेव्हा कुठं पडलो होतो मी? पडलो रविवारी."

"मग शुक्रवारी कशाला ठोकलंत?"

"भिंत गार पडली म्हणून." त्याचा पलंग त्या भिंतीला लागून आहे. वर दुसरं काही तापत नाही, खाली एक कोळशाची शेगडी तेवढी. "अरनॉल्डनं ते हीटिंग बसवल्यापासून भिंत हिवाळ्यात कधी गार पडली नव्हती. तुम्ही कधी झोपता, कधी उठता, सगळं कळायचं मला हात लावून. गुरुवारी रात्री हात लावला तर दगड. म्हटलं, बाई गेल्या."

मी सुपाची वाटी त्याच्या हातात दिली.

"मग ठोकलं. तर रेडिओ मोठा झाला. म्हटलं, आहेत. आणि अजून चिडलेल्या आहेत. मग झोप लागली."

"आणि शनिवारी?"

"खात्री करून घेतली."

"आणि रविवारी, पाय सुजून पडलात तेव्हा का नाही ठोकलंत?"

"स्वतःसाठी कुणी ठोकतं का?" म्हणाला आणि सूप पुढं केलं, मीठ कमी आहे म्हणून.

मला रडू आलं, विल्फ. त्याच्यासमोर नाही रडले. कोळसा आणायला गेले आणि त्या बादलीवर ओणवी होऊन रडले. दहा वर्षं मी चादरी मनात धरून बसले आणि हा भिंतीला हात लावून मी आहे की नाही ते बघत होता.

कागद काढून टाकला. त्याच दिवशी, कालथ्यानंच.

तुझी,
डल्सी

*

स्ट्रॉमनेस
२२ जानेवारी १९८२

प्रिय ताई,

तुझं पत्र पोस्टमननं हातात दिलं ते मी दारातच, वाऱ्यात उभं राहून वाचलं. मग पोस्टमनलाच आत बोलावून व्हिस्की पाजली. त्यानं कारण विचारलं, मी म्हटलं, टॉडमॉर्डनमधला एक म्हातारा जिवंत आहे. तो म्हणाला, मग आणखी एक घ्यायला हरकत नाही.

ते पाठ शेकण्याचं मीच लिहिलं होतं. तीन दिवस मी ते वाक्य घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरलो. आता झोप येते.

ग्रीनवुडांना माझा नमस्कार सांग. खरं सांगू का, मला त्यांचा जरा हेवा वाटला. माझ्या या घराच्या एका बाजूला रस्ता आहे आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना समुद्र. इंगा होती तोवर हे कधी लक्षात आलं नव्हतं. माझी भिंत गार पडली तर सीगल पक्ष्यांना कळेल, आणि ते काही ठोकणाऱ्यातले नाहीत. असो. तक्रार नाही, नुसतं लिहिलं.

पण ऑड्रीचं काय? कागद काढलास, म्हणजे झोपायची खोली पुन्हा मागं पडणार. ती येईल तेव्हा काय दाखवणार आहेस?

तुझा,
विल्फ

*

टॉडमॉर्डन
२२ फेब्रुवारी १९८२

प्रिय विल्फ,

ऑड्री काल गेली. क्रमानं सांगते, नाहीतर तुला उलटं समजायची सवय आहे.

आली ती थेट थर्मामीटरपाशी. कोटसुद्धा काढला नव्हता. बघितलं, बोटानं टकटक केलं, पुन्हा बघितलं. "बरं आहे," म्हणाली. तिच्या तोंडून "बरं आहे" म्हणजे पदक. रेडिएटरमागं वाकून कागद बघितला. स्वयंपाकघर बघितलं. मग वर गेली, आणि वर गेल्यावर तिचा चेहरा बदलला. झोपायची खोली गारच होती. गोठण्याइतकी नाही, पण हात चोळावे अशी. "इथं का नाही लावलास कागद?" म्हणाली. मी म्हटलं, ही आतली भिंत आहे, मामानं सांगितलंय इथं लावायचा नाही. तिनं कोटाची बटणं वरपर्यंत लावली. तिचं बटणं लावणं मला माहीत आहे. रात्रभर मी साउथॅम्प्टनचं गॅरेज बघत पडले होते.

सकाळी मी पलंगावर बसून वेणी घालत होते आणि ऑड्री आरशापाशी उभी राहून सुरुवात करतच होती, "आई, मी काय म्हणते," तेवढ्यात भिंतीवर ठक, ठक, ठक. मी हातातल्या ब्रशनं उलट तीन ठोके दिले आणि वेणी पुढं चालू ठेवली. आता सवयीचं झालंय ते.

"हे काय होतं?" ऑड्री म्हणाली.

"ग्रीनवुड. मी आहे का ते विचारतोय."

"आणि तू?"

"मी म्हटलं, आहे."

"रोज?"

"रोज. उठल्यावर. उत्तर आलं नाही तर तो येतो. त्याचा ठोका आला नाही तर मी जाते. किल्ल्या एकमेकांकडे आहेत."

विल्फ, माझी हेडमास्तरीण पलंगावर बसली आणि ढसाढसा रडायला लागली. मला वाटलं काही चुकलंच माझं. मग म्हणाली, "आई, मी रविवारी फोन लावते ना, तू उचलेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो. उचललास की सोडते. मग सोमवारपासून पुन्हा सुरू. सहा दिवस तुला काही झालं तर मला कळणारच नाही, हेच डोक्यात." मी म्हटलं, "मग थंडी थंडी काय लावलं होतंस?" तर म्हणाली, "थंडी मोजता येते."

मी तिला जवळ घेतलं. ती लहान असतानासुद्धा इतकी रडली नव्हती. मग तिनं नाक पुसलं, उठली, भिंतीपाशी गेली आणि स्वतःच्या हातानं तीन ठोके दिले. मग ग्रीनवुड भिंतीतून ओरडला, "आता काय झालं, ऑर्मरॉडबाई?"

घर विकायचं नाही, विल्फ. तिनं थर्मामीटर पिशवीत घातला आणि घेऊन गेली. त्या फळीवर आता अरनॉल्डचा फोटो पूर्वीच्या जागी आहे.

काढलेला कागद अर्थातच टाकवला नाही. एका खोक्याला आतून लावला, चमकती बाजू आत, आणि ते खोकं मागच्या दाराशी ठेवलंय. मांजराचा चौकोन मीच बुजवला होता, तर भरपाई द्यायला नको? आणि गेल्या सोमवारी माझ्या चादरी दोरीवर घालायला ग्रीनवुड आला होता. चिमटे उलटे लावतो. तो आत गेल्यावर मी ते सरळ केले.

आता तुझं. तुझ्या पत्रातलं ते समुद्राचं मी एकदाच नाही वाचलं, चारदा वाचलं. टेलिफोनवर तुला बोलणं ऐकू येत नाही, पण घंटी तर ऐकू येते ना? मग रोज सकाळी चहा ठेवलास की माझा नंबर फिरवायचा, तीनदा वाजू द्यायचा आणि ठेवून द्यायचा. मी उचलणार नाही, म्हणजे पैसेही पडणार नाहीत. लगेच मी तुझा तीनदा वाजवीन, तूही उचलायचा नाहीस. ऑर्कनी लांब आहे, धावत यायला मला जमणार नाही, पण तुमच्या त्या व्हिस्की पिणाऱ्या पोस्टमनचं नाव कळव, त्याला धाडता येईल.

हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. शुक्रवारी सकाळी मी फोनपाशी बसलेली असेन. रेडिओ बंद ठेवून.

तुझी,
डल्सी